रिकाम्या सापळ्यांची रांग

नेव्हिल प्रिंगलच्या हातून गेल्या चौदा महिन्यांत एकही जीव मेला नव्हता, आणि त्या दुःखानं त्याला अन्न गोड लागेनासं झालं होतं.

वास्तविक माणूस अगदी गरीब. अडुसष्ट वर्षांचा, बुटाखाली मुंगी आली तर तिची माफी मागणारा. पण टोटारा ओढ्याच्या काठानं, डोंगराला वळसा घालून, त्याचे बत्तीस सापळे लावलेले होते. लाकडी पेट्या त्यानं स्वतः गॅरेजमध्ये ठोकल्या होत्या, स्वतःच्या पाठीवरून वर नेल्या होत्या. दर पंधरा दिवसांनी जायचं, झाकणाचे स्क्रू काढायचे, आत मेलेला स्टोट असला तर उचलायचा, नसला तर जुनं अंडं टाकून ताजं ठेवायचं. स्टोट म्हणजे मुंगसाचाच धाकटा भाऊ समजा. अंगानं दीड वीत, वृत्तीनं दरोडेखोर. उडता न येणाऱ्या किवी पक्ष्याचं बिळातलं पिल्लू त्याला एका बैठकीलाही पुरत नाही.

नेव्हिल लहान असताना त्या ओढ्याकाठी किवी ओरडायचे. मग एकदा ओरडायचे थांबले, ते पन्नास वर्षं झाली तरी थांबलेलेच. हे तो बायकोखेरीज कुणाला सांगत नसे, कारण सांगताना त्याचा गळा दाटून यायचा आणि चारचौघांत गळा दाटून येणं त्यांच्याकडे बसत नाही.

आता डोंगर भटकणाऱ्यांच्या ट्रॅम्पिंग क्लबच्या भिंतीवर एक मोठा तक्ता होता. कुणाच्या रांगेत किती स्टोट सापडले ते त्यावर दर महिन्याला लिहिलं जायचं, आणि चहाच्या वेळी सगळे कप हातात घेऊन त्याच्यासमोर उभे राहायचे. पलीकडच्या खोऱ्यातल्या कॉलिनच्या नावापुढे एकसष्ट होते. नेव्हिलच्या नावापुढे शून्य. शून्य, शून्य, शून्य, अशी चौदा शून्यं एका ओळीत.

"तुझं चांगलंय बाबा," कॉलिन म्हणायचा. "झाकण उघडलं की बंद. हात घाण व्हायला नकोत."

नेव्हिलनं काय काय करून पाहिलं नाही? कोंबडीची अंडी झाली, बदकाची झाली. सशाचं मांस झालं, पीनट बटर झालं. लॉर्नाच्या सुगंधी साबणाचा वास हाताला राहतो म्हणून त्यानं महिनाभर साबण सोडला. त्यामुळे स्टोट आले नाहीतच, क्लबमध्ये त्याच्या शेजारची खुर्चीही रिकामी राहू लागली.

आणि मग ते पत्र आलं. सापळे, अंडी, परवानग्या सगळं ज्या संस्थेकडून येतं तिचं पत्र. "टोटारा ओढ्याच्या रांगेत दीर्घकाळ काहीही सापडलेले नाही, याची आम्ही नोंद घेतली आहे. आमच्या प्रतिनिधी मेरेआना शनिवारच्या क्लबच्या पायपिटीत सामील होऊन पाहणी करतील. पुढील निर्णय त्यानंतर."

"संपलं," नेव्हिल म्हणाला आणि स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसला. "लॉर्ना, संपलं सगळं. माझे सापळे काढून कॉलिनला देणार."

"असं कुठे लिहिलंय?"

"असं कधी लिहितात का? 'नोंद घेतली आहे.' अगं, माझ्या वडिलांना कारखान्यातनं काढलं तेव्हापण आधी नोंदच घेतली होती!"

लॉर्नानं पत्र दोनदा वाचलं आणि काही बोलली नाही. ती बोलली नाही तेव्हाच खरं तर त्याला शंका यायला हवी होती.

*

त्यांच्या घरच्या फ्रीजरमध्ये, तळाशी, पावाच्या पिशवीत दोन स्टोट होते. चौदा महिन्यांपूर्वीचे, शेवटचे. नेव्हिलनं ते आठवण म्हणून ठेवले होते. लॉर्नाला ते मुळीच आवडत नव्हतं, पण छत्तीस वर्षांच्या संसारात माणूस वाटाण्याशेजारी स्टोट पाहायलाही शिकतो.

शुक्रवारी दुपारी लॉर्ना वाचनालयात गेल्यावर नेव्हिलनं त्यातला एक उचलला. आयुष्यात त्यानं कधी परीक्षेत कॉपी केली नव्हती, कधी रांग मोडली नव्हती. तो एकटाच डोंगर चढला, सतरा नंबरची पेटी उघडली, स्टोट आत सारला, खटका त्याच्यावर पाडला आणि पळत सुटला. घरी आल्यावर त्याला ताप आल्यासारखं वाटत होतं.

"एकच," तो स्वतःशी म्हणाला. "एकानं कुणाचं काय बिघडतंय?"

शनिवारी सकाळी आठ वाजता डोंगराच्या पायथ्याशी, गाड्या लावायच्या जागेवर मंडळी जमली. चौघंजण क्लबची. नेव्हिल, लॉर्ना, शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेली बेव्ह, आणि नेव्हिलचा जुना दोस्त रावीरी, जो पूर्वी लाकूडतोडीचा ट्रक चालवायचा आणि आता गुडघ्याच्या तक्रारी चालवायचा. मेरेआना आली ती संस्थेच्या गाडीतून. तिशीतली, दणकट बुटांची, हसरी. नेव्हिलला ते हसू फार वाईट वाटलं. दात उपटण्याआधी डेंटिस्ट असंच हसतो.

"अंकल रावीरी, तुम्ही पण?" तिनं त्यांच्याकडच्या रीतीप्रमाणे रावीरीच्या नाकाला नाक लावलं. ती त्याच्या मावसबहिणीच्या गावची.

"येणारच की, पोरी! आज नेव्हिलचं नशीब उघडणार," रावीरी म्हणाला. "माझा गुडघा सांगतोय."

"तुझा गुडघा पाऊस सांगतो," लॉर्ना म्हणाली.

"दोन्ही सांगतो."

पहिले तीन सापळे रिकामे निघाले. मेरेआनानं प्रत्येक वेळी फोनमध्ये काहीतरी टिपलं आणि मान हलवली. चौथ्या पेटीचं झाकण त्यानं नेहमीच्या मेल्या मनानं उचललं, आणि तसाच उभा राहिला.

आत स्टोट होता.

खरा, तपकिरी, शेपटीचं टोक काळं. खटक्याखाली व्यवस्थित मेलेला.

"अरे!" नेव्हिल म्हणाला. मग पुन्हा, "अरे!" आणि मग त्यानं रावीरीला कडकडून मिठी मारली, बेव्हला मिठी मारली, आणि मेरेआनाकडे वळून ऐन वेळी सावरून नुसता हात पुढे केला. डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं. चौदा महिने! चौदा महिन्यांनी ओढ्यानं त्याची लाज राखली होती.

"बघ!" रावीरी त्याची पाठ थोपटत म्हणाला. "म्हटलं नव्हतं? गुडघा!"

मेरेआना वाकून पाहत होती. "छान," ती म्हणाली, पण तिचं हसू जरा कमी झालं होतं. नेव्हिलच्या ते लक्षात आलं नाही. त्याच्या डोक्यात एकदम वीज चमकली होती. आता सतरा नंबरच्या त्या फ्रीजरमधल्या पाहुण्याची काहीच गरज नव्हती! उलट तोच आता गळ्यातला धोंडा होता. इतरांच्या आधी सतराला पोचायचं, पेटी उघडायची, पाहुणा झाडीत भिरकावायचा. बस, मग जन्मभर पुन्हा असं काही करायचं नाही.

"मी जरा पुढे होतो," तो म्हणाला.

"थांब, मी पुढे होते," लॉर्ना म्हणाली. "मला जायचंय."

"कुठे?"

"नेव्ह, झाडीत बाईमाणूस कशाला जातं? विचारायची गोष्ट आहे का?"

ती जेवणाची पिशवी घेऊनच गेली. झाडीत जाताना जेवणाची पिशवी कशाला, हा प्रश्न नेव्हिलला पडला खरा, पण तो विचारायची सोय नव्हती. पाच, सहा, सात, आठ रिकामे निघेपर्यंत ती पुढे वाटेवर उभी होती, टोपीनं वारा घेत.

नववी पेटी उघडली.

"अरे वा!" बेव्ह म्हणाली. "आणखी एक!"

आणखी एक होता. पण तो खटक्याखाली फळीसारखा ताठ पडला होता. अंगावर पांढरी हिमाची साय होती. आणि पोटाच्या केसांना तीन हिरवे वाटाणे चिकटले होते.

नेव्हिलनं ते वाटाणे ओळखले. आपल्या घरचा वाटाणा माणूस ओळखणार नाही? त्यानं सावकाश मान वळवून बायकोकडे पाहिलं. लॉर्ना एका फर्नच्या पानाकडे इतक्या बारकाईनं बघत होती, जणू त्यावर काही छापलं होतं.

मेरेआनानं बोटानं स्टोटला टिचकी मारली. टक् असा आवाज आला. "गोठलेला आहे हा."

"वर थंडी असते ना," नेव्हिलच्या तोंडून गेलं.

"फेब्रुवारीत? ऐन उन्हाळ्यात?"

"दरी खोल आहे. ऊन पोचत नाही."

त्याच्या टकलावरून घाम ओघळून नाकाच्या शेंड्यावर आला होता. मेरेआनानं तो पाहिला. "आणि हे वाटाणे?"

"जंगली," रावीरी घाईनं म्हणाला. "असतात इकडे जंगली वाटाणे."

मेरेआनानं फोनमध्ये लिहिलं. काय लिहिलं देव जाणे. पुढे चालताना नेव्हिलनं लॉर्नाला गाठलं आणि दातओठ खात कुजबुजला, "अगं, हे काय केलंस!"

"तुझ्यासाठीच केलं! तुझं ते तोंड बघवत नव्हतं मला. आणि दोन होते ना पिशवीत? मला एकच सापडला. दुसरा कुठे गेला?"

नेव्हिलनं उत्तर दिलं नाही. छत्तीस वर्षांत प्रथमच लॉर्नाला त्याचं न बोलणं पुरेसं झालं.

"अरे देवा," ती म्हणाली. "कितव्यात?"

"सतराव्यात."

"मग पळ!"

पळणं एवढं सोपं असतं तर काय हवं होतं. वाट ओढ्याच्या कडेनं, मुळांवरून, गुडघाभर चिखलातून होती आणि नेव्हिलचं वय अडुसष्ट होतं. तो वीस पावलं पुढे गेला की मेरेआना मागून सहज चालत त्याला गाठायची. "मस्त चालता हो तुम्ही या वयात," ती म्हणायची. तिच्या तोंडचं कौतुकही त्याला तपासणीसारखं वाटत होतं.

आणि मध्ये तेरा नंबर आला.

तेरामध्येही स्टोट होता. हा मात्र मागच्या दोन पायांवर उभा होता. पुढचा एक पंजा वर केलेला, मान ऐटीत वळवलेली, दात विचकलेले. खटका त्याच्यापासून चार बोटं लांब, तसाच चढवलेला होता. अंगावर धूळ होती. उजवा डोळा उन्हात लख्ख चमकत होता.

एक पाखरू तेवढं झाडावर ओरडत राहिलं.

"याचा डोळा चमकतोय," शेवटी मेरेआना म्हणाली.

"मोतीबिंदू," नेव्हिल म्हणाला. काय बोलतो आहोत हे त्याचं त्यालाही कळत नव्हतं. "म्हातारा असेल."

"उभ्या उभ्या मेलाय."

"हृदयविकार असतो त्यांच्यात," बेव्ह करारी आवाजात म्हणाली. तीस वर्षं नववीच्या वर्गाला शिकवल्यामुळे तिला कोणतीही गोष्ट खरी वाटेल अशी सांगता यायची. "धक्का बसला की जागच्या जागी जातात."

मेरेआनानं तो स्टोट उचलून उलटा केला. पायाखाली लाकडाची छोटी पाटी होती आणि तिच्यावर कागद चिकटवला होता. सस्तन प्राणी, कपाट दोन, खालचा कप्पा. तिनं तो वाचला, स्टोट परत ठेवला, आणि मुकाट्यानं फोनमध्ये टिपून घेतलं. तिचा चेहरा आता अगदी दगडासारखा झाला होता. नेव्हिलनं हात टेकले. बेव्हसुद्धा! शाळेच्या कपाटातून! उभ्या आयुष्यात कुणी त्याच्यासाठी एवढं केलं नव्हतं, आणि करायला नेमका हाच दिवस मिळाला होता सगळ्यांना.

आणि म्हणजे मग चौथ्यातला? त्यानं मागे वळून रावीरीकडे पाहिलं. रावीरी आपला गुडघा चोळत होता आणि कुणाशीही नजर मिळवत नव्हता. झालं. एवढा नाचला होता नेव्हिल, मिठ्या मारल्या होत्या, रडला होता. ते सगळं दुसऱ्याच कुणाच्या तरी खोऱ्यातल्या स्टोटसाठी.

सतरा नंबर दिसताच तो म्हणाला, "हा मोडलाय. सोडून देऊ हा."

"मोडलाय तर बघायलाच हवा," मेरेआना म्हणाली आणि स्वतःचा स्क्रूड्रायव्हर काढून खाली बसली.

नेव्हिलनं डोळे मिटले. झाकण निघाल्याचा आवाज आला.

"नेव्हिल," तिनं विचारलं, "या पेटीला दार एकीकडूनच आहे ना?"

"हो."

"अंडं आतल्या टोकाला. म्हणजे जनावर अंड्याकडे तोंड करून आत जाणार."

"हो."

"मग याचं तोंड दाराकडे कसं? हा उलटा चालत आत आला?"

घाईत शेपटीकडून सारलं होतं त्यानं. आत्ता आठवलं. आत्ता आठवून काय उपयोग!

"लाजाळू असेल," रावीरी क्षीण आवाजात म्हणाला.

*

जेवायला मंडळी खिंडीतल्या सपाट जागेवर बसली. लॉर्नानं अंड्याची सँडविचं काढली. थर्मासमधला चहा फिरला. मेरेआना सोडून सगळे नुसतं खाल्ल्यासारखं करत होते. माशा तेवढ्या मनापासून चावत होत्या.

मेरेआनानं सँडविच संपवलं, हात झाडले आणि म्हणाली, "आता मी कशासाठी आले होते ते सांगते."

'सापळे,' नेव्हिल मनात म्हणाला. 'बत्तीस. कॉलिनकडे.'

"या डोंगरात किवी सोडायचे म्हणून आम्ही दोन वर्षं जागा शोधतोय. चार जोड्या. अट एकच आहे. रांगेत सलग बारा महिने एकही स्टोट सापडता कामा नये. शून्य हवं. कॉलिनच्या खोऱ्यात एकसष्ट सापडलेत, तिथे जोड्या सोडणं म्हणजे त्यांची पिल्लं स्टोटच्या पंगतीला वाढणंच. अख्ख्या जिल्ह्यात फक्त तुमच्याकडे शून्य आहे, नेव्हिल. चौदा महिने. दर पंधरवड्याला न चुकता जाऊन मिळवलेलं शून्य. मी सही करून घ्यायला आले होते."

नेव्हिलच्या हातातला कप कलंडला आणि चहा त्याच्या बुटात गेला. त्याला कळलं नाही.

"पण आज चार सापडले," मेरेआना म्हणाली. "एका दिवसात चार. मला हे लिहावंच लागणार. जोड्या दुसरीकडे जातील."

मग नेव्हिल बोलला. आवाज कुठून तरी विहिरीतून आल्यासारखा होता.

"सतराव्यातला मी ठेवला."

"ते कळलं मला," मेरेआना म्हणाली.

"नववा माझा," लॉर्ना म्हणाली. "आमच्या फ्रीजरमधला. आत्ता सकाळी आणला, याच पिशवीतून. सँडविचांच्या बाजूला."

रावीरीनं तोंडातला घास चावायचा थांबवला. बेव्हनं आपलं सँडविच हळूच गवतावर ठेवलं.

"तेरावा शाळेचा," बेव्ह म्हणाली. "सोमवारी परत द्यायचाय. त्याचं नाव जेराल्ड."

सगळे रावीरीकडे बघू लागले. "काय बघता?" तो म्हणाला. "बरं, बरं! चौथा माझा. माझ्या भाच्याच्या रांगेतला. परवा रात्री... नाही, परवा संध्याकाळी ठेवला. आणि गुडघ्याची शपथ, माझा एकटाच अस्सल दिसत होता की नाही?"

मेरेआनानं एकेकाकडे पाहिलं. दगडासारखा चेहरा हळूहळू हलायला लागला, खांदे हलायला लागले, आणि मग ती गवतावर आडवी पडून हसली. डोळे पुसले, उठून बसली, पुन्हा हसली. "मोतीबिंदू!" ती म्हणाली. "अहो, मोतीबिंदू! मी वाटाण्यापासूनच वाट बघत होते, कोण आधी कबूल होतंय त्याची."

"म्हणजे... शून्य?" नेव्हिलनं विचारलं.

"बाहेरून आणलेली जनावरं मोजत नाहीत. उरलेल्या पेट्या रिकाम्या निघाल्या तर शून्यच."

नेव्हिल उठला आणि चार पावलं लांब जाऊन डोंगराकडे तोंड करून उभा राहिला. पन्नास वर्षांनी. इथे. लॉर्ना त्याच्या मागे गेली आणि तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला, बाकी तिघं चहाकडे बघत राहिली.

मग उतार. अठरा, एकोणीस, वीस. रिकामा, रिकामा, रिकामा! प्रत्येक झाकण उघडताना पूर्वी ज्या शब्दानं त्याचा जीव खाली जायचा त्याच शब्दावर आता चौघंही ओरडत होते. पंचवीस रिकामा! तीस रिकामा! एकतिसाव्यापाशी मेरेआनानं घड्याळ पाहिलं. "एकच राहिला ना? तुम्ही बघून या. मी गाडीतून कागद काढून ठेवते," असं म्हणून ती पुढे गेली.

बत्तिसावी पेटी गाड्या लावायच्या जागेपासून शंभरएक पावलांवर होती. नेव्हिलनं स्क्रू काढले. तो चक्क शीळ घालत होता.

झाकण उचललं आणि शीळ थांबली.

"आता हा कुणाचा?" त्यानं विचारलं.

तिघंही एकमेकांकडे बघू लागली.

"चेष्टा पुरे. रावीरी?"

"नाही रे बाबा. आईशप्पथ."

"बेव्ह?"

"शाळेत एकच होता."

त्यानं हात लावला. स्टोट मऊ होता. गरम होता. नाकाशी रक्ताचा थेंब होता, अजून ओला. तोंड अंड्याकडे. सगळं कसं अगदी जिथल्या तिथे.

नेव्हिल मटकन खाली बसला. चौदा महिने यानं त्याला तोंड दाखवलं नव्हतं. चौदा महिने त्यानं याची वाट पाहिली, साबण सोडला, लोकांची बोलणी खाल्ली. आणि यानं यायला आजचा दिवस काढला, आजची दुपार, कदाचित ते खिंडीत सँडविच खात होते तेवढाच वेळ.

बेव्ह खाली वाकली. "नेव्हिल, झाडी दाट आहे," ती हळूच म्हणाली. "भिरकावून दे. सकाळपासून आपण आत घालतोयच ना? एक बाहेर काढला तर काय झालं? ती पोरगी कागद काढतीये."

रावीरी बुटाच्या टोकानं माती उकरत होता. लॉर्ना म्हणाली, "नेव्ह, तू म्हणशील तसं. मी कुणाला बोलायची नाही."

भिरकावायला एक क्षण लागला असता. नेव्हिलनं तो स्टोट हातात घेतलासुद्धा. केवढीशी मान, केवढेसे दात. किवीचं पिल्लू मुठीएवढं असतं, पळता येत नाही, उडता येत नाही, बिळात नुसतं बसून राहतं. चार जोड्यांची पिल्लं. आणि हा एकटा होता असं कोण सांगणार? तो हात वर करू शकेना. त्याला स्वतःचा भयंकर राग आला, स्टोटचा आला, आणि पन्नास वर्षं मुक्या राहिलेल्या त्या ओढ्याचाही आला.

"मेरेआना!" तो ओरडला. "अहो, इथे एक आहे!"

ती गाडीपाशी मोठ्यानं हसली. "पुरे हो आता! कुणाचा आहे?"

"कुणाचाच नाही!"

"मी शून्य लिहिलंसुद्धा! सही करायला या!"

मग नेव्हिल धावला. दिवसभर ज्याला धावता येत नव्हतं तो माणूस मेलेला स्टोट हातात उंच धरून उतारावरून धडपडत धावत सुटला. "खरा आहे हा! अहो, खरंच खरा आहे! शपथेवर सांगतो!" गाडीपाशी आलेलं एक अनोळखी जोडपं पुन्हा गाडीत बसलं आणि त्यांनी काचा वर केल्या.

"नेव्हिल," मेरेआना हसू दाबत म्हणाली, "हा कुणाचा ते सांगा फक्त."

"याचा स्वतःचा," नेव्हिल धापा टाकत म्हणाला. "स्वतःच्या पायांनी आला. हात लावून बघा."

तिनं हात लावला. तिचं हसू गेलं. तिनं बोटावरचा लाल ठिपका पाहिला, मग नेव्हिलचा चेहरा पाहिला. "तुम्ही हा फेकून देऊ शकला असता," शेवटी ती म्हणाली.

"हो ना," नेव्हिल म्हणाला, आणि त्याला खरोखरच रडू फुटलं, चारचौघांत, गाड्यांच्या मध्ये.

तिनं फोन काढला आणि शून्य खोडलं. "आजपासून बारा महिने," ती म्हणाली. "जोड्या तोपर्यंत थांबवता येतात का ते मी बघते. वचन देत नाही. पण भांडून बघते."

नेव्हिल परत बत्तिसाव्या पेटीपाशी गेला. सापळा पुसून काढला. लॉर्नानं पिशवीतून एक ताजं अंडं काढून दिलं. त्यानं ते आतल्या टोकाला नीट ठेवलं, खटका चढवला, झाकण बसवलं, चारही स्क्रू आवळले. मग गुडघे टेकलेल्या अवस्थेतच त्यानं झाकणावर दोन्ही हात ठेवले आणि समोरच्या झाडीला, आत जे कोणी असतील त्यांना उद्देशून, अगदी काकुळतीला येऊन म्हणाला, "हे बघा, अंडं ताजं आहे. आजच आणलंय. पण मेहरबानी करा, खायला कुणी येऊ नका."